सडकेवरचं दार

भीमपूर,
१७ ऑक्टोबर २०२४

पांडुरंगदादास जयवंताचा नमस्कार.

कागद पाहून वनमालावैनी हासली असन. हासू दे. फोनवर म्या दोन शब्द बोलले का तू "बरं बरं, मी पाहतो" म्हणतोस अन् फोन ठेवतोस. कागदाले मधातून तोडता येत नाई, म्हून लिहून राह्यली. पुरं वाच.

तू आदिलाबादहून पाठवलेला माणिकराव गुत्तेदार काल येऊन गेला. माणूस चांगला असन, मी नाई म्हणत नाई. पण त्याले एक खोड हाय. मी काही बी सांगतलं का तो माह्याकडं न पाहता फोनकडं पाह्यते. "साहेबाले इचारतो." बाप्पा! खोली किती मोठी, साहेबाले इचारतो. मोरी कोठी, साहेबाले इचारतो. आमच्या आंगणवाडीतले पोट्टे बी मुताले जाताना इतकं इचारत नाईत.

आता मुद्द्याचं. जागा तू पाह्यली हाय. प्रगतीचे बाबा गेल्यावर वाटणीत मले गोठ्याची जागा आली. दक्षिणेकडं डांबरी सडक, बस तेथूनच जाते. पूर्वेकडं माह्या देराचा, सुधाकररावाचा बोळ, अन् त्या बोळाच्या तोंडाशी त्याचं लोखंडी फाटक. बाकी दोन बाजूनं लोकायच्या भिंती. माणिकराव म्हणते, दक्षिणेकडं दार ठेवत नसतात बाई, पूर्वेकडं बोळात ठेवू. म्या सांगतलं, दार सडकेवरच. त्यानं मान हालवली अन् फोन काढला.

मंग म्या चुन्याची फक्की आणली अन् दाराच्या जागी स्वताच रेघ मारली. त्याले सांगजो, रेघ पुसू नको. अकरा वर्षं त्या बोळात राह्यली. आता नाई.

तुही बहीण,
जयवंता


हैदराबाद,
२६ ऑक्टोबर २०२४

गं. भा. जयवंता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वनमाला हसली नाही, उलट म्हणाली, अक्षर अजून तसंच आहे.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. मी तीस वर्षं सर्व्हे खात्यात काढली. मोक्यावर उभं राहून किती घरांच्या हद्दी आखल्या असतील! दक्षिण ही यमाची दिशा. इथे हैदराबादेत शिकली-सवरलेली माणसं दक्षिणमुखी फ्लॅट फुकट दिला तरी घेत नाहीत. तुझ्यावर आधीच एक घाला पडलेला आहे. जाणूनबुजून यमाकडे तोंड करून बसायचं काय कारण?

दुसरं असं, की तू एकटी राहणार. सडकेवर दार म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर. बोळात दार असलं की सुधाकररावांचं घर समोर, हाकेला माणूस. मी त्यांच्याशी बोललोही. इतके मोकळ्या मनाने म्हणाले, "वहिनीचा हक्कच आहे, बोळ खुशाल वापरू द्या." आजकाल असा दीर मिळत नाही.

आणि गुत्तेदाराच्या बाबतीत एक धडा कायमचा लक्षात ठेव. त्याच्याशी एकाच माणसाने बोलावं. दोन मालक झाले की काम बिघडलंच समज. म्हणून तू त्यात पडू नकोस. दिवाळीची ओवाळणी वेगळी पाठवली आहे.

तुझा,
पांडुरंगदादा


भीमपूर,
२४ नोव्हेंबर २०२४

दादास नमस्कार.

पह्यली गोष्ट. मले पत्रावर गं. भा. लिहू नको. पोस्टमन ते मोठ्यानं वाचते. नुसतं जयवंता लिही, आईबापानं ठेवलेलं नाव तेवढंच हाय.

दुसरी गोष्ट. तुह्यं एक बोलणं मले शंभर टक्के पटलं. गुत्तेदारासंगं एकाच मालकानं बोलावं. म्या माणिकरावाले तेच सांगतलं, का आजपासून मालक एकच, अन् ते मी. त्याचं तोंड पाह्यासारखं झालं होतं.

तुह्या या माणिकरावाचे तीन ठिकाणी काम चालू हायत. माह्या कालमांचं काँक्रीट टाकून त्याचे माणसं जे गेले ते दुसऱ्याच्या स्लॅबवर. कालमांले पाणी कोण मारणार? मीच. आंगणवाडीत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा, पोते गुंडाळून. माल कालवणारी रुपा हाय, ते एकटी मले हात लावू लागते. परवा वाळूची गाडी आली. मुठीत धरून पाह्यली तं निरी माती. गाडी वापस लावली. ड्रायव्हर म्हणते, गुत्तेदाराले इचारा. म्या म्हटलं, त्याच्या घरी नेऊन टाक, मंग तोच पाहीन.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसाची मले हौस नाई रे. पण डोळ्यापुढं खराब होऊन राह्यलं तं मी आंधळी होऊ काय?

उद्या बाजारहत्नूरले जाऊन राह्यली. प्रगतीचे दिवस भरत आले. माहेरी आणाव तं माहेरच अजून भिंतीत हाय, म्हून मीच जाते तिच्याकडं. माणिकरावाकडून रुपासमोर वदवून घेतलं हाय, मी येईपर्यंत चौकट बसवाची नाई. चौकटीच्या टायमाले मी पाह्यजेच.

जयवंता


हैदराबाद,
१६ डिसेंबर २०२४

चि. जयवंता हिस आशीर्वाद.

प्रगतीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे कळून फार बरं वाटलं. तू आजी झालीस. वनमालाने झबली-टोपडी शिवायला घेतली आहेत.

आता एक आनंदाची बातमी माझ्याकडून. धनुर्मास लागण्याआधी एकच चांगला मुहूर्त होता. तो गेला असता तर काम महिनाभर लटकलं असतं, आणि गुत्तेदार एकदा उठून गेला की परत धरणं मुश्किल. म्हणून मी आणि वनमाला स्वतः आलो, आणि पूर्वेच्या बाजूला चौकट बसवून टाकली. वनमालाने हळद-कुंकू लावलं, नवधान्याची पुरचुंडी बांधली, नारळ फोडला. सुधाकररावांनी सगळ्यांना जेवू घातलं. सागवानी चौकट आहे, देखणी. बघशील तर राग विसरशील.

तू रागावशील, मला ठाऊक आहे. पण खरं सांगू? चौकटीला सवाष्णीचा हात लागतो. तू तिथे असतीस तर भटजीने तुला बाजूला उभं राहायला सांगितलं असतं. तुझ्याच घराच्या दाराशी तू बाजूला उभी आहेस, हे मला बघवलं नसतं. म्हणून तू नसताना उरकलं.

सडकेच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली आहे. पुढची मोकळी जागा सुधाकरराव ट्रॅक्टर लावायला वापरतील. तेवढा शब्द मी त्यांना दिला आहे.

तुझा,
पांडुरंगदादा


भीमपूर,
२२ डिसेंबर २०२४

दादा,

काल आली. नातीच्या अंगाचा वास हाताले होता अजून. फाटकासमोर बस थांबली अन् म्या पाह्यलं. माह्या चुन्याच्या रेघेवर भिंत! कंबरेएवढी! समोर सुधाकररावाचा ट्रॅक्टर. अन् आत जायचा रस्ता बोळातून. फाटकाले कुलूप. दादा, माह्या स्वताच्या घरी जायले मी फाटक वाजवत उभी राह्यली. जाऊबाईनं येऊन इचारलं, "कोण हाय?"

काय केलंस रे तू हे!

तुह्यं पत्र येथं आल्यावर भेटलं. म्हणतोस, मले बाजूले उभं राह्यलेलं तुले पाहवलं नसतं. मंग भटजीले हाकलून लावाचं. तू मलेच हाकललं.

आता ऐक, जे तुले आजवर सांगतलं नाई. प्रगतीच्या हाताले कोपरापासून मनगटापर्यंत वण हाय ना? सायकलवरून पडली, असं तुले सांगतलं होतं. ते सायकलवरून पडली नाई. दहावीच्या पेपराच्या दिवशी सकाळी फाटकाले कुलूप होतं अन् जाऊबाई किल्ली कंबरेले लावून वावरात गेली होती. म्या हाका मारून गळा फाडला. शेवटी पोरगी भिंतीवर चढली, माह्या लुगड्याले धरून पलीकडं उतरली. भिंतीवर काचा लावल्या होत्या. रक्त पुसत पुसत पेपर लिवला तिनं, तेबी उशिरा जाऊन. तिचे बाबा म्हणे, घरातली गोष्ट घरात राहू दे. राहू दिली.

त्याच्यानंतर किल्ली खिळ्यावर राहू लागली, पण खिळा कोठी? त्यायच्या सैपाकघरात. रोज जा, रोज मागा. "किल्ली देता काय?" "कोठी चालली? कायले? कधी येशीन?" आंगणवाडीत जायले इचारा, दवाखान्यात जायले इचारा, भाजीले इचारा. अकरा वर्षं. तुह्या यमापेक्षा मले त्या फाटकाची भीती जास्त हाय. यम तं एकदाच येते.

मले असं दार पाह्यजे का ज्याच्यातून बाहेर पडाले मले कोणाले इचारा लागणार नाई. बस. घर लहान झालं तं चालन, प्लास्टर राह्यलं तं चालन. तेवढ्यासाठीच बांधून राह्यली मी हे घर.

उद्या माणिकरावाले बोलावलं हाय. चौकट काढाले सांगणार हाय.

जयवंता


हैदराबाद,
३० डिसेंबर २०२४

जयवंता,

माणिकरावांचा फोन आला होता. तू त्यांना चौकट काढायला सांगितलंस, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर मजुरांसमोर कामावरून काढून टाकलंस. सेंट्रिंगच्या फळ्या उचलून न्या म्हणालीस. चाळीस घरं बांधलेला माणूस! माझ्या ओळखीने आला होता.

प्रगतीचं तू लिहिलंस ते मी सुधाकररावांना विचारलं. ते म्हणाले, किल्ली नेहमी खिळ्यावरच असायची, मुलगी अल्लड होती. मी तिथे नव्हतो. कोणाचं खरं, कोणाचं खोटं, मी काय सांगू? जुन्या गोष्टी उकरून घर उभं राहत नाही.

पण पूजा झालेली चौकट कोणी उपटत नसतं, जयवंता. ते अशुभ आहे. कोणताही मेस्त्री तिला हात लावणार नाही, मी लिहून देतो. आणि मी दिलेल्या शब्दाचं काय? गावात आपल्या बापाच्या नावाला किंमत आहे.

चौकट काढलीस तर वास्तुशांतीला माझी वाट पाहू नकोस. मोठा भाऊ म्हणून एवढंच सांगतो.

पांडुरंग


भीमपूर,
२ मार्च २०२५

दादास नमस्कार.

तुह्या पत्राले उत्तर द्यायले दोन महिने लागले. रागानं नाई. काम होतं.

तुह्यं म्हणणं खरं निंगालं. कोणी मेस्त्री चौकटीले हात लावाले तयार नव्हता. भीमपुरातल्यानं कानाले हात लावले. तलमडुगुचा एक आला, चहा पेला, चौकटीवरची हळद पाह्यली अन् पोटात दुखते म्हणून गेला. तो अजून येऊनच राह्यला हाय! मंग लखन मेस्त्री भेटला. तो म्हणे, "अक्का, सडकेवर नवी चौकट म्या बसवून देतो, पण जुनीले हात लावणार नाई. माह्या लेकराबाळायची गोष्ट हाय." म्या म्हटलं, नको लावू. मी बी नाई लावत. वैनीनं मनापासून पुजलेली हाय, तिचा काय गुन्हा?

गुत्ता दिलाच नाई त्याले. रोजानं ठेवला. सामान मी आणणार, काम तो करणार. पह्यल्याच दिवशी ठरलं का सकाळी मी काम सांगीन, दुपारी पाहीन, अन् पटलं नाई तं संध्याकाळी पाडीन. त्याले वाटलं बाई गंमत करून राह्यली. सैपाकघराच्या भिंतीले म्या ओळंबा लावला तं भिंत पोट काढून उभी. पाडाले लावली. दोन दिवस बोलला नाई माह्यासंगं. तिसऱ्या दिवशी स्वताच ओळंबा मागाले आला.

मंग ट्रॅक्टर. सुधाकररावाले तीनदा सांगतलं, काढा. तो म्हणे, तुमच्या भावाचा शब्द हाय. खडीची गाडी आली तं ड्रायव्हरनं सारा ढीग ट्रॅक्टरच्या मागंच टाकला. पुढं भिंत, मागं खडी. म्या त्याले तेथंच टाक म्हटलं नव्हतं. म्हटलं असन तं मले आठवत नाई. दुसऱ्या दिवशी सुधाकरराव सडकेवर उभा राहून म्हणते, "वैनी, ट्रॅक्टर काढू देता काय?" म्या इचारलं, "कोठी चालले? कायले? कधी येणार?" रुपाच्या डोक्यावरचं घमेलं पडता पडता वाचलं. मंग म्या बाया लावून खडी बाजूले करून देली. ट्रॅक्टर गेला तो पुन्हा आला नाई.

तुह्या शब्दाचं वाईट वाटलं असन तुले. पण दादा, शब्द तुहा होता अन् जागा माही होती. आपली वस्तू दे कोणाले बी.

आता चौकटीचं. सडकेकडची भिंत फोडली, नवी चौकट आणली. सागवानी नाई, साधी हाय. मुहूर्त भटजीले इचारला नाई, आंगणवाडीले सुट्टी होती तो दिवस धरला. सारे उभे राह्यले अन् लखन म्हणे, "अक्का, हळद लावाले कोणी सवाष्ण बोलवा." रुपा पुढं आली, म्हणे, "माह्या हातानं लावू काय?" चांगल्या मनानं बोलली ते. पण तूच सांग दादा! या भिंतींले पाणी म्या मारलं. वाळू म्या चाळली. ईट अन् ईट म्या मोजून घेतली. अन् हळद लावाले माह्याच हातात काय खोट आली?

म्या म्हटलं, "लाव, पण माह्या मागून लाव." अन् दोन्ही हात हळदीत बुडवले. इकडून एक, तिकडून एक, दोन्ही बाजूनं हात उठवले चौकटीवर. लखननं ओळंबा खाली ठेवला. मंग रुपानं लावली, मंग दुसऱ्या साऱ्या माल वाहणाऱ्या बायांनी लावली. त्यायच्यात कोण सवाष्ण, कोण नाई, म्या इचारलं नाई.

अन् तुही चौकट? तिले काढली नाई. बोळाच्या बाजूनं विटायनं बुजवून टाकली, आतून कडप्प्याच्या फळ्या बसवल्या, अन् त्याच्यात देव ठेवले. सागवानी देवघर झालं! पूर्वेच्या भिंतीले देव, पूजा करताना माह्यं तोंड पूर्वेले. तुह्या वास्तुशास्त्रात यापेक्षा चांगलं काही असन तं कळवजो. देव बोळातून येत नाईत, त्यायले किल्ली लागत नाई.

लोक येतात, पाहून जातात. कोणी म्हणते, दक्षिणेचं दार, वर्षात काही तरी होईन. होऊ दे. माह्यासंगं जे व्हायचं होतं ते पूर्वेच्या फाटकातच होऊन गेलं.

स्लॅब टाकून झाला. अक्षय तृतीयेले वास्तू हाय. तू येणार नाई लिवलं होतं. तुही मर्जी. म्या मात्र बोलावलं हाय.

जयवंता


हैदराबाद,
१२ एप्रिल २०२५

चि. जयवंता,

तुझं पत्र वनमालाने दोनदा वाचलं, आणि ट्रॅक्टरच्या मजकुराशी इतकी हसली की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं. देवघराचं वाचून मात्र तिने पत्राची नीट घडी घातली. म्हणाली, "माझी पूजा तिने वाया घालवली नाही."

मी प्रगतीकडे जाऊन आलो. बाळ पाहायचं निमित्त होतं. तिचा हात हातात घेऊन विचारलं. ती म्हणाली, "मामा, काचा हिरव्या रंगाच्या होत्या." तेवढंच. इतकी वर्षं मी त्या घरी जेवलो, त्याच फाटकातून आत गेलो. मला ते नेहमी उघडंच दिसलं, कारण मी येणार म्हणून कोणीतरी उघडून ठेवलेलं असायचं.

सुधाकररावांना फोन केला. माझा शब्द मी परत घेतो म्हणालो. त्यांनी मधेच फोन ठेवला.

दक्षिणेबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहितो. या वयात ते बदलणार नाही. छातीत धाकधूक होतेच. पण घर तुझं आहे.

वास्तूच्या पूजेला जोडपं लागतं. तुझी हरकत नसेल तर मी आणि वनमाला पाटावर बसू. हरकत असेल तर मागे बसू. ते तू ठरव. मी यापूर्वी येणार नाही असं लिहून बसलो आहे, म्हणून आता विचारतो. येऊ का?

तुझा,
पांडुरंगदादा


भीमपूर,
१८ एप्रिल २०२५

दादास नमस्कार.

पत्र वाचून खूप रडली. मंग उठून दाराले रंगाचा दुसरा हात देला, कारण रंगारी आज बी आला नाई. त्याले उद्या पाहते.

पाटावर मी बसणार. आपल्या भटजीनं नाई म्हटलं, म्हून तलमडुगुहून दुसरे ठरवले. त्यायनं बी जोडप्याचं इचारलं. म्या म्हटलं, हे घर एकटीनं बांधलं, तुमाले एकटीची पूजा सांगता येत असन तं या. ते येऊन राह्यले हायत. वैनीले माह्या शेजारी बसवजो, आरतीचं ताट तिच्या हातात देईन. तू पाहुण्यायत बस अन् जेव. जन्मभर दुसऱ्यायच्या घरी कर्ता होऊन बसला, एक दिवस नुसता भाऊ होऊन ये.

छातीत धाकधूक होते लिवलंस. होऊ दे. मले बी होते. या घरात रात्री पह्यल्यांदा एकटी झोपली तवा झालीच होती. पण सकाळी कडी काढली अन् चप्पल घालून सडकेवर गेली. कोणी इचारलं नाई कोठी चालली. काही काम नव्हतं दादा, उगंच गेली. पुलापर्यंत जाऊन वापस आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

आदिलाबादहून येणारी बस दारासमोरच थांबते. येऊ काय म्हून इचारलंस, ते काही मले आवडलं नाई. त्या इचारण्यापायीच तं हे सारं केलं म्या. दार उघडं हाय. सरळ आत ये.

जयवंता